कौसाबाईची दोन वये

माझी धाकटी आत्या कौसाबाई पौषातल्या एका सोमवारी सकाळी, चकलांब्याजवळच्या माळावर मेंढरे चारत असताना वारली. तिचा मुलगा बाबू भाकरी घेऊन गेला तेव्हा ती बाभळीला टेकून बसलेली होती आणि मेंढरे जवळच चरत होती. बाबूचा फोन आला तेव्हा मी बीडला वर्तमानपत्राच्या कार्यालयात होतो. "दादा, आई गेली..." एवढेच तो म्हणाला. कुठे, सोबत कोण होते, डॉक्टरांनी पाहिले का, हे मी विचारले. त्याने सगळ्याची उत्तरे दिली.

दुसऱ्या दिवशी त्या भागातल्या वार्ताहराने निधनाची चार ओळींची बातमी पाठवली आणि ती माझ्याच टेबलावर आली. निधनवार्तेत नावापाठोपाठ वय लागते. त्याने अडुसष्ट लिहिले होते. आत्या चौपन्न वर्षांची होती. मी आकडा खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. बातमी वयाशिवाय छापली गेली. या गोष्टीला काही आठवडे झाले. तो आकडा अजून डोक्यातून जात नाही.

माझे वडील, अण्णा, शिकून नोकरीला बीडला आले. त्यांच्याहून पुष्कळ लहान असलेली ही बहीण मेंढरांमागे राहिली. नवरा लवकर गेला. गावात आधार कार्डे काढायला मंडळी आली तेव्हा गल्लीतल्या सगळ्याच बायकांनी वय वाढवून सांगितले. वय जास्त असले की निराधार योजनेत नाव लागते, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. जन्माची नोंद कोणाकडेच नव्हती, त्यामुळे सांगितले ते लिहिले गेले. आत्या हे लपवत नसे. "येका दुपारात म्हातारी झाले बघ मी," असे सांगून ती हसायची. पुढे दवाखाना असो, बँक असो की रेशन, तेच वय तिच्या तोंडात बसले. गावात त्याला सरकारी वय म्हणतात.

दिवाळीनंतर तिला चढावर दम लागू लागला. माळाची चढण लागली की ती थांबायची, छातीवर हात ठेवायची आणि मेंढरांना शिव्या देत पुन्हा चालायची. बाबू बरेच दिवस मेंढरे विकायचे म्हणत होता. आता त्याला कारण मिळाले. मायलेकांत बोली झाली ती अशी : दवाखान्यात हृदयाची पट्टी काढायची, म्हणजे ईसीजी. पट्टी चांगली आली तर मेंढरे राहतील, खराब आली तर व्यापाऱ्याला बोलवायचे.

तालुक्याच्या गावातल्या त्या पहिल्या तपासणीला मी नव्हतो. बाबूने आणि तिथल्या नर्सने पुढे मला ते स्वतंत्रपणे सांगितले; दोघांचे जुळते. वजनाच्या काट्यावर आत्या घोंगडीसकट चढली. नर्सने घोंगडी काढायला लावली तेव्हा काटा चाळिशीच्या खाली आला.

"मावशी, खाता का न्हाई काही?"

"खाते की. पर मेंढरामागं चालून सगळं जिरतं. तू चल माझ्यासंगं आठ दिवस, तुझंबी जिरंल."

नर्स अंगाने भरलेली होती. ती हसली. पडद्याआड गेल्यावर मात्र आत्याने पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला, चोळीच्या गाठीला हात लावू दिला नाही. त्यामुळे यंत्राच्या चकत्या छातीवर जिथे लागायला हव्यात त्याहून वर लागल्या होत्या. नर्सने तिला समजावून, गाठ सैल करवून त्या पुन्हा लावल्या. वय विचारल्यावर आत्याने अडुसष्ट सांगितले.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी पट्टी पाहिली. रेघा उंच उठलेल्या होत्या, पण आजी अगदी बारीक आहेत, बारीक माणसाच्या छातीवर त्या तशा उठतात, असे ते म्हणाले. हृदयातली विजेची चाल जराशी मंद होती. ती वयाच्या मानाने ठीक होती. एकदोन लाटा जरा चपट्या होत्या. बायकांच्या पट्टीत तसे पुष्कळदा दिसते. तरीही दम लागतो म्हणताय तर बीडला जाऊन हृदयाची सोनोग्राफी करून घ्या, हे त्यांनी बाबूला बजावून सांगितले. आत्याने त्यातले तीनच शब्द उचलले. परतीच्या जीपमध्ये ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "वयाच्या मानानं ठीक! ऐकलं न्हाई का रं, बाबू?"

"आई, वय आधारचं सांगितलंस तू."

"मग? सरकारला चालतंय, डाक्टरला कावून चालत न्हाई?"

जीपमधली माणसे हसली. मेंढरे राहिली.

दम थांबला नाही. बाबूने मला फोन केला आणि पंधरवड्याने मी तिला बीडला एका हृदयरोगतज्ज्ञांकडे नेले. जाण्यापूर्वी तिने मला गाडीतच दम दिला, "पेपरवाल्या, तिथं तू बोलायचं न्हाई. इचारलं तर मी सांगंन." डॉक्टर वयस्क होते. त्यांनी नवी पट्टी काढली, तिच्या हातांकडे, दातांकडे पाहिले आणि वय विचारले. अडुसष्ट. त्यांनी पेन खाली ठेवले.

"बहात्तरच्या दुष्काळात केवढ्या होतात तुम्ही?"

आमच्याकडे जन्मतारीख नसलेल्या माणसाचे वय असेच काढतात. दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतास का, सरकारी खाऊच्या, सुकडीच्या रांगेत उभा होतास का, की आईच्या काखेत होतास... आत्याला प्रश्न समजला. आणि उत्तर दिले तर काय होईल, हेही तिला समजले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुष्काळाचं मला काय आठवत न्हाई."

डॉक्टरांनी मला विचारले. मी सांगितले : ती काखेत होती. खडी फोडताना आजी तिला झाडाच्या सावलीत झोळीत टाकत असे आणि अण्णा झोका देत, हे अण्णांनी कैकदा सांगितले होते.

डॉक्टरांनी पट्टी पुन्हा समोर धरली. "रेघ तीच आहे. पण चौपन्नला मी हिला ठीक म्हणणार नाही." मग ते मला समजावून सांगू लागले. यंत्र वय आणि स्त्री की पुरुष हे आधी विचारते, ते उगाच नाही. अंगावर चरबी असली की रेघ बुटकी दिसते, हाडकुळ्या छातीवर तीच उंच दिसते. वय वाढते तशी विजेची वाट थोडी मंदावते. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पूर्ववत व्हायला बायकांमध्ये पुरुषांपेक्षा किंचित जास्त वेळ लागतो. म्हणून एकच रेघ एकासाठी निरोगी ठरते, दुसऱ्यासाठी नाही. पहिल्या डॉक्टरांचे प्रत्येक वाक्य त्यांना मिळालेल्या माहितीवर बरोबर होते, हेही त्यांनी सांगितले. त्याच दुपारी सोनोग्राफी झाली. हृदयाची भिंत जाड झालेली होती. उंच रेघा नुसत्या बारीकपणाच्या नव्हत्या. गोळ्या सुरू झाल्या, चढण बंद सांगितली, पुढच्या तपासण्यांसाठी छत्रपती संभाजीनगरला जायचे ठरले.

बाहेर आल्यावर ती दवाखान्याच्या पायरीवर बसली. "चौदा वर्सं कमी केलीस माझी येका तोंडानं," ती म्हणाली. "दुसरी बाई असती तर तिनं तुला साखर चारली असती. माझी तर मेंढरं गेली."

"आत्या, जीव राहील."

"मेंढरामागं न्हाई तर बसून काय करू जिवाचं? तू सांग की. लई शिकलास न्हवं."

मी चिठ्ठी घेऊन गोळ्या आणायला गेलो.

घरी गेल्यावर तिने बाबूशी नवी बोली केली. गाभण मेंढ्या विऊ दे, मग व्यापारी आण, मग कुठं न्यायचं तिथं ने. तोवर ती मेंढरे सपाटीलाच चारणार होती. बाबूने ते मान्य केले. गोळ्या ती घेत होती; सून संगीता स्वतः हातावर ठेवत असे. बाभळीचे ते झाड सपाटीवर नाही, चढण संपते तिथे आहे. त्या सकाळी ती वर का गेली, हे कोणी सांगू शकत नाही. सपाटीचे गवत संपले होते, असे बाबू म्हणतो. मी जाऊन पाहिले तेव्हा सपाटीला गवत होते, पण मधे दिवस गेले होते.

नंतर मी त्या डॉक्टरांना भेटलो. पहिल्याच दिवशी खरे वय कळले असते तर ती वाचली असती का? सांगता येणार नाही, ते म्हणाले. आणि दुसऱ्या वेळीही कळले नसते तर ती याहून लवकर गेली असती का? तेही सांगता येणार नाही. मी आणखी दोन प्रश्न विचारले. त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही, पण उत्तर तेच दिले.

बाबूने आधीच सांगून ठेवलेला व्यापारी दहाव्यानंतर आला. बाबू घरी नव्हता. संगीताने त्याला चहा दिला आणि परत पाठवले. याबद्दल नवराबायकोत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही.

गेल्या रविवारी मी चकलांब्याला गेलो तेव्हा मेंढरांचा वाडा रिकामा होता. जाळी गुंडाळून कडेला ठेवलेली होती. शेजारच्या बाईंनी सांगितले, संगीता चारायला घेऊन गेलीय, दिवस मावळता येईल. मी ओट्यावर थांबलो. दिवस मावळताना मेंढरे आली, मागून संगीता आली. तिच्या खांद्याला आत्याची झोळी होती. झोळीत त्याच दिवशी जन्मलेले कोकरू होते.