पन्नास अक्षरांची ओळ

नव्वदच्या दशकात सांगलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात मी शिकवायला होते. क्लास सुटला की मशीन रिकामं असे. त्या वेळात दोन वर्षं खपून मी द्राक्षबागायतदारांसाठी 'दिनक्रम' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. छाटणीची तारीख टाकली की कुठल्या दिवशी कुठली फवारणी करायची, याचा कागद निघे. माहिती पलूसच्या माझ्या चुलत्यांची. आपल्या बागेच्या आठ हंगामांच्या वह्या त्यांनी माझ्या हवाली केल्या होत्या.

पुण्याची एक कंपनी असे प्रोग्रॅम विकण्यासाठी छापील सूची काढणार होती. प्रत्येकाला एकच ओळ, पन्नास अक्षरांची. पुढचं आपोआप कापलं जाणार. सोबत नियमांचा कागद होता. नाव परत लिहू नका, स्तुती नको, 'हा एक प्रोग्रॅम आहे' हे आम्हाला ठाऊक आहे, तो काय करतो तेवढं सांगा. इतकं शहाणं काही मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. मी लिहिलं, 'छाटणीची तारीख टाका, फवारणीचं वेळापत्रक घ्या'.

क्लासच्या सरांना ते बोडकं वाटलं. "मॅडम, लग्नपत्रिका अशी छापतात का? एक नाव राहिलं की माणूस कायमचा तुटतो." क्लासची जागा सरांच्या मामांची, म्हणून मामा आधी. मग क्लास चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. अध्यक्ष घेतले की उपाध्यक्ष रुसणार, म्हणून तेही. मी नियमांचा कागद पुढे केला. "नियम पुण्याच्या लोकांना," म्हणाले, आणि ओळ स्वतःच लिहून पाठवली. माझं वाक्य मात्र त्यांनी काढलं नाही हं. मोठ्या मनानं शेवटी ठेवलं.

सूची आली. 'दिनक्रम'पुढे छापलं होतं, 'आदरणीय मामासाहेबांच्या कृपाशीर्वादाने, माननीय अध्यक्षांच्या प्रेरणेने व उपाध्यक्षांच्या मार्गदर्शनाखा'. मामांनी ते पान फ्रेम करून घेतलं. कोरेगावहून एक फोन आला, तेवढाच. "तुमचं मामासाहेब कुठल्या वॉर्डातनं उभं हायती?"

मी इतकी चिडले होते की सरांशी आठवडाभर बोलले नाही. रविवारी सूची आणि वह्या घेऊन पलूसला गेले. चुलत्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"पोरी, ह्यो करतो काय, ते कुठं लिवलंय?"

मला रडूच आलं. त्यांनी वह्या कपाटात ठेवल्या, सूची घडी घालून माझ्या हातात दिली.

"आमचं नाव न्हाई घातलं, चालंल. द्राक्षाचं तरी घालायचं हुतं गं."