काळ्या टाकीचं पाणी

भाजलं तर वीस मिनिटं गार पाण्याची धार धरायची, टूथपेस्ट अजिबात लावायची नाही, हे मी शहाद्याच्या शाळेत वर्षानुवर्षं घसा फोडून शिकवते. मे महिन्यात भर दुपारी उकळता चहा गाळताना माझ्याच मनगटावर सांडला. धावत जाऊन नळाखाली हात धरला. गार पाणी, डोंबलाचं! गच्चीवरची काळी टाकी उन्हात तापलेली. भाजल्या जागेवर आणखी चटका बसला. मग माठातलं पाणी तांब्यानं ओतायला लागले. तिसऱ्या तांब्याला सासूबाई ओरडल्या, "पेवानं पाणी शे ते!"

पिण्याचं पाणी आमच्याकडे चार दिवसांनी येतं. माठ तळाला गेला होता. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनी टूथपेस्ट आणली आणि मी, शाळेतल्या बाईनं, मुकाट्यानं हात पुढे केला. दोन दिवसांनी ती धुताना कातडीही निघाली.

जूनमध्ये तोच धडा पुन्हा शिकवला, डाग झाकायला लांब बाह्यांचं ब्लाउज घालून. परीक्षेत सगळ्या वर्गानं उत्तर बिनचूक लिहिलं. मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले. त्यांच्याही घरांवर काळ्या टाक्याच आहेत.