चादरीचं दुसरं टोक

लॉन्ड्रीवाल्या बाईंच्या लेकीला सगळे घडीताई म्हणत, आणि ते काही उगीच नाही. हॉटेलांच्या डबल चादरी मशीनमधून गरम निघाल्या की एक बाजू आई धरायची, दुसरी ही. एक झटका, मग दोघी समोरासमोर चालत यायच्या आणि आई आपली टोकं हिच्या हातात द्यायची. बोटांना बोटं लागायची. वीस वर्षं हेच. मायलेकींचं भांडण चादर उचलताना सुरू व्हायचं आणि घडी होईस्तोवर मिटायचंसुद्धा!

पस्तिशी उलटली तरी स्थळं काही थांबेनात. एका दुपारी आई म्हणाली, "दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे, बघून तर घे." आता ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं? चादर दोघींच्या हातात होती.

"आई, मला नवरा नकोय. माझं त्या नर्सवर प्रेम आहे. मैत्रीण म्हणून घरी येते ना, तीच."

आईच्या हातून टोकं सुटली. धुतलेली चादर फरशीवर पडली. आई चादरीकडे बघत म्हणाली, "मळली."

दुसऱ्या दिवशी भिंतीत खिळा! चादरीची दोन टोकं खिळ्याला अडकवायची आणि एकटीनं घडी घालायची. घड्या वाकड्या, हॉटेलवाले कुरकुरले, पण बाई हट्टाला पेटली म्हणजे पेटली. बोलणं काय, तर "साबण संपला" आणि "जेवून घे". शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं हो! घडीताईला रडूही येईना. दात काढताना इंजेक्शन दिलेला गाल असतो ना, आपलाच असून आपला नसलेला, तशी ती आठ महिने सगळी होती.

मग ती नर्सच्या दोन खोल्यांत राहायला गेली. आई दारापर्यंतही आली नाही. आतूनच म्हणाली, "दुकानाची चावी ठेवून जा."

महिन्याभरानं फोन आला. "दुकानात ये जरा. खिळा निघालाय. ढीगभर चादरी पडल्यात, एकटीनं जमत नाही."

घडीताईनं आधी नखं कापली, कारण नखांनी धागे निघतात. नर्स म्हणाली, "अगं, पळ की, बघतेस काय!" इतक्या दिवसांत पहिल्यांदा छातीत काहीतरी हललं.

दुकानात येऊन तिनं हात धुतले, कोरडे केले आणि आपल्या जुन्या जागी उभी राहून पुढे केले. आईनं त्या हातांत हातोडी दिली.

"जरा खाली ठोक. हल्ली खांदा दुखतो."

तिनं ठोकला. दोनदा ओढून पाहिला. "पक्का बसलाय. आता नाही निघायचा."

"बरं," आई म्हणाली आणि चादरीची दोन टोकं खिळ्याला अडकवली.