खोक्यातला कापडी नकाशा

राजगडावर मी मित्राच्या नकाशात भाकरी बांधून नेली आणि वर त्यालाच हसलो. नकळत झालं, असं म्हणायचीही सोय नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी भोरला आमच्या घरी कॉम्प्युटर आला आणि माझं डोकं फिरलं. गेम आम्ही नकली सीडीवर खेळायचो. मित्राकडे मात्र एका अस्सल गेमचं अख्खं खोकं होतं, त्याच्या मुंबईच्या मामूंनी दिलेलं. आत सीडी, जाडजूड पुस्तिका, एक पत्र्याचं नाणं आणि कुठल्याशा काल्पनिक राज्याचा कापडावर छापलेला नकाशा. शहरातल्या पोरांना गंडवायला भरलेला कचरा! या नाण्याची भेळसुद्धा येणार नाही, असं मी मित्राच्या तोंडावर म्हणालो होतो. त्या वस्तूंबद्दल माझं मत आजही फारसं बदललेलं नाही.

पण त्याच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. त्याचा गेम म्हणजे ते खोकंच. वेल्ह्याच्या एसटीचे थांबे आम्हाला पाठ, तशा त्याला नकाशातल्या वाटा पाठ होत्या. कधीतरी कॉम्प्युटर येईल म्हणून त्यानं सगळं जपलं होतं. सीडीसाठी मी ते खोकं मागून आणलं आणि बाकीचं माळ्यावर फेकलं.

गडावर जायच्या सकाळी आईला भाकऱ्या बांधायला फडकं सापडेना. मी नकाशा काढून दिला.

गडाच्या पायथ्याच्या पाली गावातून चढलो. माचीवर सगळे गोल करून बसले आणि मी गाठ सोडली. ठेच्याचं तेल कापडभर पसरलं होतं, त्यातले डोंगर ओळखू येत नव्हते.

"हा माझा नकाशा हाये," मित्र हळूच म्हणाला.

तिथं तरी मी गप्प बसायला हवं होतं.

"मग? घरात कॉम्प्युटर न्हाई तुझ्या. नकाशा घेऊन जायचंय कुठं तुला?"

पोरं खिदळली. एकानं त्याला मुजरा केला.

सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत तो थांबला. मग कापड झटकलं, तेलकट बाजू आत घेऊन घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. उतरताना तो एकटाच पुढं गेला. नंतर आमच्या घरी आला नाही. खोकं त्यानं मागितलं नाही आणि मी नेऊन दिलं नाही.

आता तो हायवेला गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो. बोलायचं ठरवून मी तिथं गेलो आणि नुसतं नवं कव्हर घालून परत आलो, इतका मी भित्रा. शेवटी माळ्यावरचं खोकं घेऊनच गेलो. त्यानं मशीन थांबवलं, झाकण उघडलं, नाणं बोटांत फिरवलं.

"भेळ न्हाई आली व्हय ह्याची?"

मला हसता आलं नाही.

"नकाशा खराब केला, ते चुकलंच. पण तुझ्या घरात काय न्हाई ते मी सगळ्यांसमोर काढलं. मुद्दाम काढलं. माफ कर मला."