भावजींची चव

सुहास भावजी घास तोंडात घातला की डोळे मिटायचे. डोळे उघडले की समोरच्याचं खाणं कुठे चुकतंय ते सांगायचे. जे. पी. नगरच्या आमच्या घरी पहिल्यांदा जेवले तेव्हा आईच्या बिसिबेळे भाताला म्हणाले, "बरा आहे, पण बॅलन्स नाही." तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यात गेला तो गेलाच. मेलेल्यांविषयी वाईट बोलू नये म्हणतात, पण भावजी ठणठणीत आहेत, तेव्हा माझी जीभ मोकळी आहे.

ते माझ्या अक्काचे नवरे. पुण्याहून आमच्या कानडी मुलखात येऊन सर्जापूर रोडला राहिलेले. कशावरही मत दिलं की शेवटी म्हणायचे, "जाऊ दे, तुम्हाला नाही कळायचं ते." आमच्या कानडीमिश्रित मराठीची तर त्यांना शिसारीच. अक्काच्या तोंडचं 'बरं'ऐवजी येणारं 'सरी' आणि 'जरा'ऐवजी येणारं 'स्वल्प' त्यांनी टोकून टोकून घालवलं. ती आमच्याशीसुद्धा जपून बोलायला लागली, याचा मला फार राग येई.

वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, पंचाहत्तरीला भावजींनी आम्हाला इंदिरानगरला जपानी धर्तीच्या हॉटेलात दुपारी जेवायला नेलं. तिथे आपण काही मागवायचं नसतं, ते देतील ते एकेक खायचं. जावयाकडचं जेवण म्हणून अण्णा सकाळपासून उपाशी. समोर आली काळ्या दगडावर मुळ्याची एक चकती. मग पानात गुंडाळलेला चमचाभर भात. अण्णांनी तो एका घासात संपवला.

"अण्णा, हळू! हे जेवण नाही, प्रवास आहे," भावजी म्हणाले.

"सरी, सरी," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात वाढणारी मुलगी सुरई घेऊन आली आणि अदबीने वाकून म्हणाली, "साके?"

अण्णांना ऐकू आलं कानडी 'साका?', म्हणजे 'पुरे का?' पोटात कावळे ओरडत होते, पण यजमानाने आग्रह केल्याशिवाय 'वाढा' म्हणायचं नाही, ही आमच्या घरची रीत. अण्णांनी पेल्यावर हात धरला. "साकु अम्मा, साकु. पोट भरलं."

भावजी टेबलावर थाप मारून हसले. "अहो, दारू विचारतेय ती! तांदळाची दारू!" शेजारची टेबलं वळून बघायला लागली. अण्णांचा हात पेल्यावर तसाच राहिला. आणि अक्काही हसली. घरी आल्यावर अण्णांनी दहीभात मागून घेतला.

पुढे हा किस्सा भावजींनी जाईल तिथे सांगितला, अण्णांच्या आवाजाची नक्कल करून. शेवटी "हो की नाही गं?" म्हणायचे आणि अक्का हसायची. गणपतीत त्यांच्याकडे मित्रमंडळी जमली होती. कोपऱ्यात अण्णा मोदक खात होते.

"आज तू सांग," भावजी अक्काला म्हणाले. "काय म्हणाले होते अण्णा?"

अक्काने हातातलं तुपाचं भांडं खाली ठेवलं. "साकु."

सगळे हसले.

"साकु," ती नवऱ्याकडे बघत पुन्हा म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही. मग ती अण्णांकडे वळली. "चला अण्णा, घरी जाऊ. स्वल्प थांबा, बॅग घेऊन येते."

अक्का आता आमच्याकडेच असते. भावजी अधूनमधून मला फोन करतात. "एवढ्याशा विनोदावर कोणी घर सोडतं का? झालं तरी काय तिला?"

मी म्हणते, "जाऊ दे भावजी, तुम्हाला नाही कळायचं ते."