बाईंचा बांधलेला हात

चहा आधी संपवून घ्या. पुढचं ऐकताना कुणाला ठसका लागला तर तेही माझ्यावर यायचं, आणि माझ्यावर आधीच पुष्कळ आलेलं आहे.

मी स्वभावानं चौकस आहे. आमचे हे त्याला भोचक म्हणतात. शब्द वेगळा, काम तेच. राजधानीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये सव्वीस वर्षं काढलीत. दुसरा मजला, समोरासमोर दोन दारं, आणि मागच्या बाल्कन्या इतक्या जवळ की कढीपत्ता मी हातातल्या हातात देते. अशा घरात राहून माणसानं बघायचंच नाही म्हटलं तर डोळे मिटून सांडगे घालायचे का?

तर समोरच्या घरात मंजिरीबाई राहतात. नवरा सरकारी नोकरीत, मुलगी ईरा पाचवीत. बाई इथल्याच एका मराठी शाळेत शिकवतात. शाळेचं नाव घेत नाही, कारण पुढे मी तिथे जाऊन शोभा करून आलेय. अकरा वर्षं त्या पहिलीचाच वर्ग घेतात. वरचा वर्ग देऊ केला तर नको म्हणतात. बाकीच्यांना पहिली म्हणजे शिक्षा वाटते. नाकं पुसा, डबे उघडून द्या, बुटाच्या लेस बांधा. आणि पोरं कशी, तर घरी आईशी मराठी, जिना उतरला की हिंदी. एक मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "बाई, माझा रबर गुम झाला, तो ढूंढून द्या." तीच पोरं दिवाळीपर्यंत धडा वाचायला लागतात. कसं करतात, देव जाणे. तीस पोरांमध्ये कोण पेन्सिल चावतं, कोण इतकं दाबून लिहितं की पानामागे उमटतं, हे त्यांना तोंडपाठ. मला माझ्या दोन मुलांचे बुटाचे नंबर आठवत नसत.

मी स्वतः नववीपर्यंत गेले, तीही कशीबशी. त्यामुळे शिकवणाऱ्या माणसाबद्दल मला पहिल्यापासून आदर. आणि बाईंचं अक्षर! गणपतीतला फलक त्याच लिहितात. लोक प्रसाद घ्यायच्या आधी फलक बघतात.

म्हणून मार्चअखेरीच्या त्या सकाळी मी जे बघितलं, त्यानं माझ्या हातातलं सांडग्याचं पीठ सटकलं.

बाल्कनीतून त्यांची खिडकी दिसते; एरवी पडदा असतो, त्या दिवशी तो धुवायला काढलेला होता. बाई टेबलाशी बसल्या होत्या. उजवा हात ओढणीनं कमरेशी बांधलेला. डाव्या हातात पेन्सिल, जीभ दातात धरलेली, आणि वहीत लिहिणं चाललेलं. एक अक्षर काढायला इतका वेळ की तेवढ्यात माझी अर्धी ताटली भरली. मग वही लांब धरून बघितली, तोंड एवढंसं केलं आणि सगळं खोडून टाकलं.

मी वाटी परत करायचं निमित्त काढून गेले. मला बघताच बाईंनी घाईनं ओढणी सोडली आणि वहीवर वर्तमानपत्र टाकलं. सगळं ठीक ना, मी विचारलं. हो, शाळेचंच जरा, म्हणाल्या. आणि वाटी घेतली ती डाव्या हातानं. कॉलनीतल्या पोरांना द्यायचं-घ्यायचं ते उजव्या हातानं, असं शिकवणाऱ्या बाई.

आत बघते तर त्यांचे मिस्टर पोळ्या लाटत होते. आता तुम्हीच सांगा, मंत्रालयातला माणूस कामाच्या दिवशी सकाळी पोळ्या लाटतोय, म्हणजे घरात काहीतरी भयंकर झाल्याशिवाय का?

जिन्यात ईरा भेटली. तिला नुसतं विचारलं, आईला बरं नाही का गं?

"बरी आहे ना. रोज एक घंटा हाथ बांधून बसते बस. पण मम्माने बोललंय, कुणाला नाही सांगायचं."

झालं. मी मनात अर्धांगाचं निदान करून टाकलं. हसू नका, माझ्या आत्यानं असंच लपवलं होतं. हात जड झालाय म्हणून कुणाला सांगितलं नाही, डाव्या हातानं भाकरी थापत राहिली. कळलं तेव्हा अर्धांग पुढे गेलेलं होतं. तो हात पुन्हा उठला नाही. बाईंचं वय किती, तर चाळिशीही नाही.

मी यांना सांगितलं. हे वर्तमानपत्रातून डोकंही न काढता म्हणाले, मग त्यांनाच विचार की सरळ.

असं कसं विचारायचं? दुखऱ्या जागेवर कुणी बोट ठेवतं का? त्यापेक्षा मी फक्त एका माणसाला सांगितलं, आणि तेही कुणाला सांगू नका म्हणून बजावून. शेजारच्या ब्लॉकमधल्या कुलकर्णी वहिनींना.

इथे माझं चुकलं. म्हणजे तसं आधीपासूनच चुकत आलं होतं, पण इथून चूक लेखी झाली.

कुलकर्णी वहिनी सरकारी कचेरीतून रिटायर झालेल्या. जगातल्या प्रत्येक दुःखावर त्यांच्याकडे अर्ज आहे. नळाला पाणी नाही, अर्ज. लिफ्टमध्ये दिवा नाही, अर्ज. त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि कागद ओढला. शाळेला कळलं पाहिजे, त्या म्हणाल्या. फळ्यावर लिहून लिहून उरलेला हातही जायचा. विषय घातला, सहानुभूतीपूर्वक विचार होणेबाबत. खाली, की सदर शिक्षिका स्वाभिमानामुळे आजार लपवीत आहेत, तरी त्यांना लिखाण नसलेला हलका कार्यभार देण्यात यावा. इतकं सुंदर लिहिलं होतं की मला पुन्हा रडू आलं. चौदा बायकांच्या सह्या झाल्या. पहिली माझी. ती बघून वहिनी म्हणाल्या, "राहू दे, खाली नाव मी लिहिते, नाहीतर कुणाला लागायचं नाही."

वहिनींची नणंद त्या शाळेजवळ राहते. तिच्या हाती अर्ज पोचलासुद्धा.

इकडे कॉलनीत प्रेमाचा पूर. एकीनं मऊ खिचडी पाठवली, एकीनं सूप. खालच्या चड्ढा भाभींनी माहेरच्या वैद्याचं तेल आणून दिलं, हलक्या हातानं मालिश कर म्हणाल्या. बाईंनी सगळं घेतलं. परीक्षेचे पेपर, निकाल, त्यात पाडवा. एवढ्या गडबडीत शेजारणी किती सांभाळून घेतात, असं त्या मलाच म्हणाल्या. तेल त्यांनी पाडव्याला अख्ख्या घराला अंघोळीआधी लावलं. मी मनात म्हटलं, बघा, किती धीराची बाई. नाव काढत नाही आजाराचं.

मग एप्रिल आला. आपल्याकडे जूनमध्ये शाळा उघडते, इथे नवीन वर्ग एप्रिलला. पहिल्याच दिवशी संध्याकाळी बाई माझ्या दारात. खांद्यावरची पिशवीही उतरवलेली नव्हती.

खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, पहिली काढून घेतली. दुसऱ्या बाईंना दिली. त्यांना लायब्ररीत बसवलं होतं, पुस्तकांवर नुसते शिक्के मारायला. का, ते मुख्याध्यापिका सांगेनात. फक्त उजव्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, आराम करा, आम्ही आहोत. दिवसभर भिंतीपलीकडून नव्या पोरांचं रडणं ऐकू येत होतं आणि बाई इकडे शिक्के मारत होत्या.

"काकू, अकरा वर्षांत माझं काय चुकलं असेल हो?"

तोवरसुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मला वाटलं, आता धीर द्यायची वेळ आली. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "बाई, आता लपवू नका. मी आहे. हात बरा होईल."

"कुठला हात?"

"हाच. उजवा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग उजव्या हाताकडे बघितलं. उठल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरला लटकवलेलं पेन घेतलं आणि दुधाच्या खाड्यांशेजारी त्याच हातानं लिहिलं, सुमनकाकू. एकेक अक्षर छापल्यासारखं. काना सरळ, उकार गोल, वर रेघ अशी की पट्टी लावली असावी.

मी कॅलेंडरजवळ जाऊन वाचलं. माझंच नाव होतं.

मग मी सगळं सांगितलं. खिडकी, ओढणी, पोळ्या, आत्या, अर्ज. बाईंनी पेन परत कॅलेंडरला लटकवलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीला 'अ' काढता येईना. चार वेळा दाखवलं. मग चिडून त्या म्हणाल्या होत्या, एवढं सोपं येत नाही तुला? ती मुलगी रडली नाही. पेन्सिल दप्तरात ठेवली आणि आठवडाभर बाहेर काढलीच नाही. त्या दिवशी बाईंनी घरी येऊन डाव्या हातानं 'अ' काढून बघितला. जमेना. घाम आला, मान दुखली, वही फेकावीशी वाटली. तेव्हापासून दरवर्षी नवीन पोरं यायच्या आधी पंधरा दिवस त्या डाव्या हातानं लिहितात. जेवतात, केस विंचरतात, वाट्या घेतात त्यासुद्धा डाव्यानं. त्यात निकालाचं काम, म्हणून मार्चमध्ये पोळ्या मिस्टर लाटतात.

"आणि बांधायचा कशाला हो?"

"मध्ये मध्ये मदतीला येतो ना. मुलांना कुठे असतो दुसरा हात मदतीला?"

मी उठून त्यांच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली.

मग इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाही? तर लोक हसतील म्हणून. मोठी बाई अआइई गिरवत बसते म्हणतील. ईरालाही त्यासाठीच तंबी दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंबरोबर शाळेत गेले. मेट्रोत त्या माझ्या शेजारी बसल्या. मी दोनदा खाकरले. शेवटी उतरताना एवढंच म्हणाल्या, "काकू, पहिली परत नाही मिळाली तर मी वर्षभर काय करू?" मला वाटलं, मेट्रोचं दार माझ्या बोटांवर मिटलं तरी चालेल.

मुख्याध्यापिका कडक, पण भली बाई. मी उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. बाईंना काही झालेलं नाही, झालंय ते माझ्या डोक्याला. मग त्यांनी बाईंना विचारलं आणि बाईंनी अकरा वर्षांत पहिल्यांदा डाव्या हाताची हकीकत शाळेत सांगितली, खाली बघत, एखादा गुन्हा सांगावा तशी.

समोरची पेन्सिल मुख्याध्यापिकांनी डाव्या हातात घेतली आणि कोऱ्या कागदावर 'अ' काढायला लागल्या. निम्म्यात थांबल्या. कागद उलटा करून ठेवला.

"हे तुम्ही दरवर्षी करता?"

बाईंनी मान हलवली.

पलीकडे पहिलीच्या वर्गात कुणीतरी टाहो फोडला होता. बाईंचे कान तिकडेच. मुख्याध्यापिका म्हणाल्या, वर्ग तुमचाच. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण शाळाही शेवटी शाळाच. चौदा सह्यांचा अर्ज फाइलला लागला होता, म्हणजे तो मागे घेतल्याचंही लेखी हवं. त्यांनी माझ्यापुढे कागद सरकवला आणि जुना अर्ज शोधायला पाठ वळवून कपाटातल्या फाइलींत डोकं घातलं.

आता आली का पंचाईत? कुलकर्णी वहिनी तर घरी. सव्वीस वर्षांत किराण्याच्या यादीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही, आणि ती पाठवली की दुकानदाराचा फोन येतो, "भाभीजी, पढ़के बता दीजिए." पण बाई दाराशी उभ्या होत्या, पलीकडे पोरगं रडत होतं. बसले. पेन घट्ट धरलं. जीभ कधी दातात आली, कळलंच नाही. बाईंचा हात ठणठणीत आहे, मी न विचारता बोलले, माझी चूक झाली, पहिली त्यांनाच द्यावी. चार ओळी. पहिली ओळ वर चढली, चौथी टेबलावर उतरता उतरता राहिली. घाम पुसून कागद दिला.

मुख्याध्यापिकांनी तो जवळ धरला, लांब धरला, चष्मा वर केला. ओठ हलवत सावकाश वाचला. आणि त्यांचे डोळे भरून आले हो.

"काकू," त्या म्हणाल्या, "नुसती माफी नाही मागितलीत, तुम्हीसुद्धा डाव्या हातानं लिहिलंत. आता याच्यापुढे मी काय बोलू?"

बाई पुढे आल्या. कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. अकरा वर्षं तसलीच अक्षरं तपासलेली बाई ती. तोंडावर ओढणी धरली आणि तशाच पळत वर्गात गेल्या.

मी काय करणार? उजवा हात हळूच पदराखाली घेतला.