अक्कांचा मऊ आवाज

वत्सलाअक्का ओरडल्या की पोरांच्या आयांना हायसं वाटायचं. "अय्यो, किती कपडे घातलेस गं त्याला? पोर आहे की गाठोडं?" असा आवाज आतल्या खोलीतून आला की बाहेर बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. पोराला साधी सर्दी आहे, दोन दिवसांत बरं होईल, हे त्यांना त्या ओरडण्यावरून कळायचं. भीती वाटायची ती अक्का मऊ बोलायला लागल्या की. "बस गं माझी बाई. पाणी घेतेस स्वल्प?" एवढं ऐकू आलं तरी अख्खा बाक चिडीचूप व्हायचा.

चामराजपेटेत, बाजाराकडे जाणाऱ्या एका गल्लीत त्यांचा मुलांचा दवाखाना होता. मी लग्न होऊन साताऱ्याहून या कन्नड मुलखात आलेली, एचएसआर लेआउटमध्ये राहणारी. बालरोगाची पदवी होती, पण कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. कुणीतरी अक्कांचं नाव सुचवलं. त्यांचं घराणं काही शतकांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि इकडचंच झालं. त्यांची मराठी ऐकून मला हसू फुटलं आणि माझी ऐकून त्यांनी नाक मुरडलं. "टीव्हीतल्या बाईसारखं बोलतेस. इथं कुणाला कळायचं नाही. सरी, असू दे, शिकशील. उद्यापासून ये." झाली माझी मुलाखत.

तपासायची त्यांची एक रीत होती. तान्हं बाळ आलं की आधी छातीला नळी लावायची नाही. आईला पाजायला बसवायचं, आपण तिच्या मागे उभं राहायचं आणि बाळाच्या कपाळावर तळहात ठेवायचा. कपाळ कोरडं असलं की अक्का बोलायला मोकळ्या. ओलं लागलं की त्यांचा हात तिथेच राहायचा. "दूध पिताना घाम कशाला यावा? गोणी उचलतंय काय ते?" हे त्या मला नंतर सांगायच्या, आईसमोर कधी नाही. अशा बाळाला त्या हृदयाच्या मोठ्या इस्पितळात पाठवत. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. अख्ख्या राज्यातली गरिबांची पोरं तिथे येत, आणि शस्त्रक्रियेच्या तारखेसाठी महिनोन् महिने थांबत. अक्का नुसती चिठ्ठी देऊन कुणाला पाठवायच्या नाहीत. दवाखाना माझ्यावर सोपवायच्या आणि आईबरोबर स्वतः रिक्षात बसायच्या. "चिठ्ठीला पाय नसतात गं. आईला असतात, पण ते भीतीनं घराकडंच वळतात."

रेणुका आली तेव्हा चिन्नू तीन महिन्यांचा होता. तिच्या सासरी शाळेचे गणवेश शिवायचं दुकान होतं. अक्कांच्याच समाजातले लोक. नवरा अबोल, घरातला शब्द थोरल्या दिराचा, शंकरअण्णांचा. अक्कांचा हात चिन्नूच्या कपाळावर बराच वेळ राहिला. मग त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "बस गं माझी बाई." मी नळी लावली तर छातीत मिक्सर चालू असल्यासारखा आवाज. काळजाला मोठं भोक होतं. त्यातून रक्त फुप्फुसांत धो धो शिरत होतं. फुप्फुसं ते किती दिवस सोसणार? सोसून सोसून त्यांच्या नसा निबर होतात, आणि एकदा त्या तशा झाल्या की भोक बुजवता येत नाही. अक्कांनी हे शंकरअण्णांना समोर बसवून सांगितलं. "अण्णा, दार उघडं आहे तोवर पोराला आत न्यायचं. हे दार बंद होताना आवाज करत नाही."

अक्का मायलेकरांना घेऊन इस्पितळात गेल्या, भांडून लवकरची तारीख मिळवली. आणि तारखेच्या आधीच रेणुकाचे सासरे वारले.

या घराण्यांची एक रीत आहे. मुलाच्या अंगाला पहिलं पातं लागायचं ते जावळाचं, तेही देशावर, कुलदेवीच्या दारात. त्याआधी दुसरं शस्त्र लावायचं नाही. आणि घरात मृत्यू झाला की वर्षभर मंगलकार्य नाही. जावळ पहिल्या वर्षी नाही झालं तर तिसऱ्या वर्षी. दुसऱ्यात चालत नाही. शंकरअण्णांनी हा हिशेब शांतपणे मांडला. अक्का भडकल्या. "मला रीत शिकवतोस? माझं जावळ तिथंच काढलंय. देवी तिसऱ्या वर्षापर्यंत थांबेल, तिला काय घाई आहे? पोराची फुप्फुसं थांबायची नाहीत!" शंकरअण्णा त्यांच्या पाया पडले. "होय अक्का. तुम्ही म्हणाल तसं." मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नाही, एवढं ते पाळत. होय म्हणाले आणि गेले नाहीत. तारीख उलटून गेली.

पुढे त्यांनी बिऱ्हाड देवनहळ्ळीला हलवलं. विमानतळाच्या बाजूला नव्या वसाहती, नव्या शाळा, गणवेशांना गिऱ्हाईक भरपूर. फोन उचलणं बंद झालं. गुडघे दुखत असताना अक्का बस बदलत बदलत तिथे जाऊन आल्या. शंकरअण्णांनी कॉफी पाजली, पोर मावशीकडे गेलंय म्हणाले. परत आल्यावर अक्का खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "शिलाई यंत्राच्या मागं दोरीवर झबली वाळत होती. ओली होती गं." त्यांना पोलिसासारखं घरात शिरता येईना, आणि मला तर त्या माणसाचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

तिसरं वर्ष लागल्यावर एका सकाळी ती मंडळी आपण होऊन आली. चिन्नूला ताप होता, किरकोळ. पण रेणुकाचा चेहरा असा फुललेला की मी बघतच राहिले. पोर गुटगुटीत झालेलं. केस खांद्यापर्यंत, त्यांची वेणी, वेणीत अबोली. बाकावरच्या बायका गालगुच्चे घ्यायला लागल्या. "अक्का, नोडी, बघा! आता धाप नाही, घाम नाही, खोकला नाही. दोन दोन इडल्या खातो. देवीनं केलं सगळं. पुढच्या महिन्यात जावळाला निघालोय. तुम्ही म्हणत असाल तर त्यानंतर ऑपरेशन पण करू."

अक्कांनी नळी लावली. पुष्कळ वेळ ऐकलं. मग नळी माझ्याकडे दिली. "तू ऐक."

मिक्सर बंद झाला होता. जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, नुसता काळजाचा दुसरा ठोका, घट्ट झाकण आपटल्यासारखा. रक्त फुप्फुसांत धावायचं थांबलं होतं, कारण फुप्फुसांनी त्याला वाट द्यायची बंद केली होती. म्हणून धाप नव्हती, म्हणून बाळसं धरलं होतं.

"आवाज गेला ना अक्का?" शंकरअण्णांनी विचारलं.

"गेला."

त्यांनी छताकडे बघून हात जोडले. अक्का रेणुकाकडे वळल्या. "बस गं माझी बाई," त्या म्हणाल्या. रेणुकाचं हसू चेहऱ्यावरच विझलं. त्या बाकावर ती पूर्वी पुष्कळ बसली होती.

इस्पितळात पायातून नळी घालून तपासणी झाली. निकाल तोच आला. तिथल्या डॉक्टरांचं ऐकून झाल्यावर व्हरांड्यात अक्कांनी तो सोपा करून सांगितला. "भोक बुजवलं तर काळीज त्याच क्षणी दमून थांबेल. आता ते भोकच त्याला जगवतंय. गोळ्या आहेत, त्यानं दिवस वाढतील. बरा नाही होणार." शंकरअण्णांनी विचारलं, "जावळ आधी उरकलं तर?" अक्का म्हणाल्या, "आधी काय नि नंतर काय अण्णा. आता शस्त्र नाही." तो दिवसभर कात्री चालवणारा माणूस स्वतःच्या हातांकडे बघत बसला.

परतताना मी अक्कांवर चिडले. एरवी टोपडं घट्ट बांधलं म्हणून आयांना फाडून खाणारी बाई या माणसाला एक शब्द बोलली नव्हती. त्या म्हणाल्या, "ओरडायचं ते पोर वाचावं म्हणून. आता ओरडून काय करू?" आणि जरा वेळानं, "त्याला काय जन्मभर ऐकू येणारच आहे."

जावळाला त्या गेल्या. गुडघ्यांचं निमित्त काढून मलाही बरोबर नेलं. देवीच्या दारात ही गर्दी. चिन्नू मामाच्या मांडीवर, न्हाव्याचं पातं डोक्याला लागलं तसा तो किंचाळून रडायला लागला. संबळ वाजत होता, माणसं उदो उदो करत होती, बायका केस पदरात झेलायला वाकल्या होत्या. रडता रडता पोराचे ओठ जांभळे झाले, पिकल्या जांभळासारखे. मग नखं. गर्दीत ते आम्ही तिघींनीच पाहिलं. रेणुकानं अक्कांचा दंड धरला.

"त्याला रडू देऊ नको," अक्का तिच्या कानाशी म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता नाही गं. कधीच."

मागच्या थंडीत अक्का वारल्या. दवाखाना आता मी बघते. चिन्नू दुसरीत आहे. देवनहळ्ळीहून दर महिन्याला माझ्याकडे येतो, जिना चढायला नको म्हणून शंकरअण्णा त्याला उचलून आणतात. त्या घरात त्याला कुणी नाही म्हणत नाही. शेळी मागितली, शेळी आली. जेवायला वेळ झाला म्हणून ताट भिरकावलं, तर नवं ताट वाढून आलं. मागच्या खेपेला त्यानं माझ्या खोलीत बसून पतंग मागितला, आत्ताच्या आत्ता, आणि ओठ काढला. शंकरअण्णा, साठी उलटलेला माणूस, चपला न घालता बाजाराकडे धावत सुटले.

चिन्नूनं खिडकीतून त्यांना धावताना बघितलं. फार खूश झाला.

"डॉक्टरअक्का," तो मला म्हणाला, "आमच्या घरी सगळे मला घाबरतात."

रेणुका खाली बसून त्याच्या बुटाची नाडी बांधत होती. तिनं मान वर केली नाही.